दोन प्रकारच्या दऱ्या

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये सॅम्युअल बेकन फेअरबँक नावाचे एक पाद्री होते. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षं गेली. मिशनचं काम सांभाळून ते पक्षी आणि गोगलगायी जमवत. खंडाळा, महाबळेश्वर, नगर, बेळगाव या पट्ट्यातल्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८७६ साली ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापून आली. आपल्याकडच्या पक्ष्यांची नीट नोंद ठेवणाऱ्या सुरुवातीच्या कागदांपैकी ती एक. पण त्यांचं नाव ज्या पक्ष्याला मिळालं, तो महाराष्ट्रातला नाही. तमिळनाडूतल्या पळणी डोंगरांवर त्यांनी मिळवलेल्या एका पक्ष्याचं वर्णन विल्यम ब्लॅनफर्डने १८६९ साली प्रसिद्ध केलं आणि जातीच्या नावात फेअरबँक यांचं नाव घातलं. राखी छाती, तांबूस पोट, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. हे पक्षी जोडीने, टोळीने हसल्यासारखे ओरडतात. इंग्रजीत लाफिंगथ्रश, केरळात चिलप्पन.

माझ्या पिढीने सलीम अलींच्या पुस्तकांवरून पक्षी ओळखायला सुरुवात केली. तेव्हा दक्षिणेच्या डोंगरांवरचे चिलप्पन दोन जातींत बसवलेले असत. निलगिरीवरचा तांबूस छातीचा, तो एक. वायनाड-कुर्ग, पळणी आणि त्याही खाली अशांबू डोंगरांवरचे फिकट छातीचे, ते सगळे मिळून दुसरा. पिसांकडे पाहिलं तर ही वाटणी पटण्यासारखी होती. नकाशाकडे पाहिलं तर मात्र खटकायचं, कारण निलगिरी मधेच येतो. वायनाडचा पक्षी निलगिरीला वळसा घालून, पालघाटची खिंड ओलांडून पळणीच्या पक्ष्याचा सख्खा भाऊ कसा झाला? पुढे डीएनए तपासल्यावर उत्तर मिळालं. वायनाडच्या पक्ष्याचं जवळचं नातं रंगाने वेगळ्या दिसणाऱ्या निलगिरीच्या पक्ष्याशी होतं. पालघाटच्या उत्तरेचे एका घराण्याचे आणि दक्षिणेचे दुसऱ्या. आज त्यांच्या चार स्वतंत्र जाती मानतात आणि २०१७ सालच्या एका अभ्यासाने त्यांना ‘माँटेसिंक्ला’ ही स्वतःची प्रजातीही दिली आहे. त्याच अभ्यासात शोलाकिळी नावाच्या गडद निळ्या, बुजऱ्या पक्ष्यांनाही ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती दिली गेली. हे पक्षी हिमालयातल्या त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांहून फार वेगळे निघाले. दोन्ही प्रजाती जगात फक्त पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या उंच माथ्यांवर आहेत.

नावं बदलली की पक्षीनिरीक्षक वैतागतात, यादी पुन्हा लिहावी लागते. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. वेगवेगळ्या डोंगररांगांवरच्या पक्ष्यांना एकच जात म्हटलं की बेरीज मोठी दिसते आणि कुठल्यातरी एका माथ्यावरचे पक्षी गेले तरी ‘बाकी आहेत ना’ असं म्हणता येतं. वायनाडचा बाणासुर चिलप्पन बाणासुरमला, चेंब्रा, वेल्लरीमला, ब्रह्मगिरी अशा मोजक्या शिखरांवरच आहे. स्वतंत्र जात म्हणून पाहिल्यावर तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत थेट ‘संकटग्रस्त’ ठरला. निलगिरीची शोलाकिळीही तशीच. हे पक्षी पूर्वीही इतकेच थोडे होते, पण कागदावर ते दिसत नव्हते.

या डोंगरांची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साधारण चौदाशे मीटरच्या वर गेलं की घाटाचं रूप पालटतं. ओढ्यांच्या घळींत बुटक्या, शेवाळ माखलेल्या झाडांची दाट रानं, त्यांना शोला म्हणतात. मधल्या उतारांवर नुसतं गवत. हे गवत म्हणजे तोडलेल्या जंगलाची जागा नव्हे. हिवाळ्यातल्या दहिवरात उघड्यावरची झाडांची रोपं करपतात, गवत टिकतं. हा जुना, स्वतःच्या हक्काचा गवताळ प्रदेश आहे. ढगांच्या वर डोकं काढणारे हे माथे एकमेकांपासून उष्ण, कोरड्या दऱ्यांनी तोडलेले आहेत, म्हणून शास्त्रज्ञ त्यांना आकाशबेटं म्हणतात. सगळ्यांत रुंद दरी पालघाटची, तीस-चाळीस किलोमीटर. दक्षिणेला शेंकोट्टईची खिंड, ती पुष्कळ अरुंद. थंडीची सवय असलेला, झुडपांच्या तळाशी वावरणारा पक्षी अशी दरी उडून जात नाही. अंतर पार करण्याची ताकद पंखांत नसते असं नाही, पण तो त्या उन्हात उतरतच नाही.

व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदोन पक्षी न घेता जवळजवळ सगळा डोंगरी पक्षीसमाजच तपासायला घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नऊ ठिकाणचे, २३ जातींचे ३५६ पक्षी होते. त्यांतल्या दहा जातींत सर्वांत जुनी फूट पालघाटपाशी दिसली, आणि या दहांपैकी काहींत अरुंद दऱ्यांपाशी आणखी अलीकडची फूट. म्हणजे तीच दरी एका जातीला कुंपण, दुसरीला नाही. बाहेरून पाहून हे सांगता आलं नसतं.

अशा कामाचा एक भाग मी जवळून पाहिला आहे. वनखात्याची रीतसर परवानगी असलेल्या एका अभ्यासगटाने पहाटे शोलाच्या कडेला जाळी लावली होती. बारीक काळ्या धाग्याची, अंधुक उजेडात आपल्याला दिसत नाही तशी पक्ष्यालाही दिसत नाही. थोड्या थोड्या वेळाने फेरी मारायची, अडकलेला पक्षी ताटकळत ठेवायचा नाही, हा नियम. शोलाकिळी सापडली तेव्हा ती सोडवणाऱ्या मुलीची बोटं एखादी गाठ उकलावी तशी चालत होती. आधी पाय, मग पंख, शेवटी मान. कापडी पिशवीत घालून वजन झालं. पायात क्रमांकाची कडी आली. पोटावरची पांढरी पिसं तिने फुंकरीने बाजूला केली आणि कातडीखालची चरबी पाहिली. मग पंख उलगडला. आतल्या बाजूला कोपराशी निळसर शीर दिसते. तिथे स्पिरिटचा बोळा, सुईचं टोक, आणि वर आलेला रक्ताचा थेंब काचेच्या केसासारख्या नळीने आपोआप ओढून घेतला. कापूस धरून क्षणभर दाब. सगळं मिळून काही मिनिटं. हात उघडल्यावर शोलाकिळी उंच उडाली नाही, सरळ खाली झुडपात शिरली आणि लांब पायांनी पालापाचोळ्यावरून टुणटुणत गेली.

एवढासा थेंब पुरतो याचं कारण विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी आनंद व्हायचा. आपल्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत असतं. त्यामुळे आपल्या रक्ताच्या मानाने पक्ष्याच्या थेंबात डीएनए कितीतरी पट भरतो. संग्रहालयांतल्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या कातड्यांतूनही, पायाच्या तळव्याचा बारीकसा तुकडा काढून, तो मिळवता येतो. फेअरबँकच्या काळातल्या संग्राहकांनी बंदुकीने मिळवलेले नमुने आज असे उपयोगी पडतात.

या थेंबातून संवर्धनाला नेमकं काय मिळतं? मला दिसणारं सर्वांत मोठं उत्तर असं की, कुठली फूट निसर्गाने पाडली आणि कुठली आपण, हे वेगळं करून सांगता येतं. पालघाटची फूट लाखो वर्षांची आहे. निलगिरी आणि पळणीच्या पक्ष्यांनी तेवढा काळ वेगवेगळा संसार केला. त्यांना एकत्र आणायला जाणं हे इतिहास पुसण्यासारखं आहे. पण त्याच पळणी-अण्णामलैच्या माथ्यांवर, एका जातीच्या आत, चहाचे मळे, निलगिरीच्या आणि वॅटलच्या झाडांची लागवड, धरणं आणि गावं यांनी गेल्या शंभर-दीडशे वर्षांत तुकडे पाडले. रॉबिन यांच्या गटाच्या दुसऱ्या एका शोधनिबंधाने, शीर्षकातच ‘बेटांमधली बेटं’ म्हणून, अशा अलीकडच्या तुकड्यांची खूण दोन जातींच्या जनुकांत दाखवली. आपण पाडलेल्या या दऱ्या खऱ्या नाहीत. त्या नकाशावर दिसतही नाहीत. डोंगर सलग दिसतो. पक्ष्याला मात्र त्या पालघाटइतक्याच खोल.

तुकडा लहान झाला की काय होतं, ते आपल्या लहान वाड्यांवरून समजेल. वाडीत एखाद्या आडनावाचं एकच घर असलं आणि त्या घरी मुलगे नसले, की आडनाव संपतं. त्या घरात काही उणं होतं म्हणून नव्हे, केवळ घरं थोडी म्हणून. जनुकांचंही तसंच. हिशेब सोपा आहे. प्रजननात भाग घेणारे पन्नास पक्षी असतील तर प्रत्येक पिढीत वैविध्याचा सुमारे एक टक्का गळतो. दहाच असतील तर पाच टक्के. दिसायला रान तेच, पक्षी गातोय, घरटं होतंय, आणि आतून गळती चालू. तिची किंमत वाईट वर्षी कळते. कॅनडातल्या मँडार्टे नावाच्या लहान बेटावर गाणाऱ्या चिमण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वंशवृक्ष लिहून ठेवलेला होता. १९८९ च्या कडक हिवाळ्यात बहुतेक चिमण्या मेल्या. उरलेल्या कोण, हे वंशवृक्षावर पाहिलं तेव्हा ज्यांच्या आईबापांचं आपसातलं नातं लांबचं होतं त्यांनीच जास्त करून तग धरल्याचं दिसलं.

याच हिशेबाला एक दिलासा देणारी बाजू आहे. एका तुकड्यातून दुसऱ्यात दर पिढीला एखादा पक्षी जरी पोचला आणि त्याची तिथे पिल्लं झाली, तरी ही गळती बरीचशी रोखली जाते. प्रत्यक्षात एकाहून अधिक लागतात असं रानात काम करणारे जीवशास्त्रज्ञ सांगतात, पण आकडा लहानच आहे. न्यूझीलंडमध्ये याचा अनुभव आला. मार्लबरो साउंड्समधल्या दोन बेटांवर १९७३ साली रॉबिन पक्ष्यांच्या मोजक्याच जोड्या सोडल्या होत्या. दोन्हीकडची संतती पुढे आपसातल्या संबंधांनी क्षीण झाली. संशोधकांनी दोन्ही बेटांमध्ये थोड्या पक्ष्यांची अदलाबदल केली. दोन्हीकडचे पक्षी कमकुवतच, तरीही त्यांच्या मिश्र पिल्लांची तब्येत आणि जगण्याचं प्रमाण सुधारलं. म्हणून चहाच्या दोन मळ्यांमधल्या ओढ्याकाठी शोलाची अरुंद पट्टी राखणं हे दिखाऊ काम नाही. त्या पट्टीतून वर्षाला हजार पक्षी जायला नकोत. एखादा जाऊ दे.

जोडायचं कुणाला कुणाशी, इथे मात्र घाई करून चालत नाही. फ्लोरिडाची गोष्ट या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने जवळ ठेवावी अशी आहे. तिथल्या खाऱ्या दलदलीत डस्की सीसाइड स्पॅरो नावाची काळपट चिमणी होती. केनेडी अंतराळ केंद्राच्या परिसरात डास मारायला आधी डीडीटी फवारलं, मग दलदलीला बांध घालून पाणी कोंडलं. सेंट जॉन्स नदीकाठची दलदल शेती आणि महामार्गासाठी आटवली. १९८० पर्यंत हाती लागले ते फक्त नर, मादी एकही नाही. पकडलेल्या पाच नरांचा मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या, दिसायला जवळच्या वाटणाऱ्या चिमण्यांशी संकर सुरू झाला, की निदान थोडं रक्त तरी राहावं. शेवटचा नर जून १९८७ मध्ये पिंजऱ्यात मेला. दोन वर्षांनी जॉन अव्हीस आणि विल्यम नेल्सन यांनी मातृवंशाचा डीएनए तपासून दाखवलं की आखाताच्या बाजूच्या आणि अटलांटिकच्या बाजूच्या चिमण्या ही दोन जुनी, वेगळी घराणी आहेत. काळपट चिमणी अटलांटिक घराण्यातली होती. जोडीदार म्हणून निवडले ते परक्या घराण्यातले. जवळचे नातेवाईक तिच्याच किनाऱ्यावर होते.

ज्यांनी तो संकर केला त्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्याकडे रंग, आकार आणि जुन्या याद्या होत्या, आणि पाच नर. मला टोचतं ते वेगळंच. जनुकांचा प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा दलदल आधीच गेलेली होती. बरोबर जोडीदार मिळाला असता तरी त्या पिल्लांना सोडणार कुठे?

हीच भीती मला शोलाबद्दल वाटते. जनुकं खरं सांगतात, पण उशिरा सांगतात. रान तुटल्यावर त्याची खूण डीएनएमध्ये ठळक व्हायला कित्येक पिढ्या जातात. गाणं आधी सांगतं. चेतना पुरुषोत्तम आणि रॉबिन यांनी सहा ठिकाणच्या ३८ शोलाकिळींची ८३५ गाणी ध्वनिमुद्रित करून तपासली. जुन्या दऱ्यांनी तुटलेले गट गाण्याच्या साध्या मोजमापांतूनही वेगळे निघाले. पण पक्ष्याच्या कंठाला दोन बाजू असतात आणि दोन्हींतून तो एकाच वेळी वेगवेगळे स्वर काढू शकतो. या गुंतागुंतीच्या स्वरांकडे पाहिलं तेव्हा अलीकडच्या जंगलतोडीने तुटलेले गटही वेगळे ओळखू आले. हे स्वर बहुधा शिकण्यातून येतात. पिल्लू थोरांकडून शिकतं. पलीकडच्या माथ्यावरचे थोर कानावर पडेनासे झाले की काही पिढ्यांतच बोली वेगळी होते. ऑस्ट्रेलियातल्या रीजंट हनीईटरचं उदाहरण याहून कठीण आहे. काहीशेच पक्षी उरले आहेत, तरी त्यांचं जनुकीय वैविध्य संख्येइतकं घसरलेलं नाही. पण २०२१ साली असं दिसून आलं की काही तरुण नरांना शिकवायला आपल्या जातीचा थोर नरच भेटत नाही आणि ते दुसऱ्याच जातींची गाणी गातात. रक्तात सगळं जागच्या जागी, पण मादीला ओळखीची हाक ऐकू येत नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे: जुन्या दऱ्यांबद्दल निर्णय घेताना जनुकांचं ऐकल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि आपण पाडलेल्या दऱ्यांसाठी जनुकांची वाट पाहू नये. त्या कुठे आहेत हे उपग्रहाच्या चित्रांतून आजच दिसतं. पळणी डोंगरांवरच्या अभ्यासाने दाखवलं की १९७० च्या दशकापासून चार दशकांत तिथलं दोन तृतीयांश गवत लागवडीने आणि शेतीने गिळलं. शोला त्या मानाने टिकला; गवत गेलं, कारण गवत कुणाला दिसलंच नाही. ‘ओसाड’ म्हणून नोंद झालेल्या जमिनीवर झाडं लावणं हे पुण्याचं काम समजलं गेलं. आता तमिळनाडूत वॅटल काढायला सुरुवात झाली आहे, पण तिथेही सरसकट कुऱ्हाड चालवून भागत नाही. जुन्या वॅटलच्या सावलीत कितीतरी ठिकाणी शोलाची रोपं वर आलेली आहेत. तिथे ती राखायची, आणि जिथे मूळ गवत होतं तिथे गवत परत आणायचं. कुठे काय करायचं हे ठरवताना पलीकडच्या रानात पक्ष्यांचा कुठला गट आहे, तो किती एकटा पडला आहे, हे रक्ताच्या थेंबांवरून कळलेलं असेल तर पैसा आणि माणसं योग्य उतारावर लागतील.

हवामान बदलतंय ही यातली सर्वांत बिकट बाजू. खालचा पक्षी तापलं की वर सरकू शकतो. माथ्यावरच्याला वर जागा नाही. पक्षी उचलून दुसऱ्या माथ्यावर नेण्याची चर्चा एक दिवस होईलच, आणि त्या दिवशी कुठला माथा चालेल याचं उत्तर आज जमवलेल्या नमुन्यांतूनच द्यावं लागेल. म्हणून प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत पडून असलेल्या त्या बारीक नळ्यांसाठी सातत्याने पैसा मिळाला पाहिजे, प्रकल्प संपला म्हणून त्या टाकून दिल्या जाऊ नयेत, हे मी आग्रहाने म्हणतो.

उटी, मुन्नार, कोडाईकनालला महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य माणसं जातात. तुम्ही गेलात तर पहाटे गावाबाहेर शोलाच्या कडेला उभे राहा. ऐकू आलेलं गाणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, जागा आणि तारीख लिहून खुल्या संग्रहात टाका; अशा नोंदी संशोधकांच्या कामी येतात. पक्षी बाहेर यावा म्हणून त्याचंच गाणं त्याला वाजवून दाखवू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. आणि आपल्या तालुक्यातल्या माळरानावर कुणी वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरवला, तर खड्डे खणण्यापूर्वी त्या गवतात कोण राहतं हे आधी विचारा.